बिस्किटांच्या डब्यातला आवाज

१

“डबा! अहो, माझा डबा कुठाय?”

प्रसारण मनोऱ्याच्या माथ्यावरचं गोल दालन एकदम चिडीचूप झालं. काचेला नाक लावून शहर बघणारी पोरं मागं वळली, कॉफीचे कप तोंडाशी जाता जाता थांबले. एक किरकोळ अंगाचे आजोबा खुर्चीतून उठले होते आणि आपल्या उजव्या हाताच्या रिकाम्या जागेकडे डोळे फाडून बघत होते. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली होती.

मामीनं हातातलं सँडविच बाजूला ठेवलं. त्या क्षणी तिला कसं वाटलं हे खरं सांगायचं तर लाज वाटावी असंच आहे. तिला आनंद झाला! रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कार्यालयाची प्रमुख म्हणून निवृत्त झाल्यापासून तिच्यासमोर येऊन कुणी असं ओरडलं नव्हतं. कवळ्या, छत्र्या, एकदा तर नवरदेवाचे दोन्ही बूट. तिनं काय काय शोधून दिलं होतं! आणि गेली दोन वर्षं घरात काय हरवायचं, तर मामांचा चष्मा, तोही त्यांच्याच कपाळावर.

“काय होतं डब्यात?” मामीनं जवळ जाऊन विचारलं.

“माझी बायको,” आजोबा म्हणाले.

२

उलगडा झाला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

आजोबा जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले. त्यांची बायको याच मनोऱ्यात, तो नवा कोरा असताना, यंत्रांच्या चाचणी विभागात कामाला होती. उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी चाचणी घ्यायची म्हणून तिला मायक्रोफोनसमोर उभं केलं, आणि खाली घरात बसून आजोबांनी ते बोलणं रिळावर धरून ठेवलं. तिच्या आवाजाची तेवढीच एक खूण मागं राहिली होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली. घरातलं रिळाचं यंत्रही कधीच बंद पडलं. शहरात तसं चालू यंत्र उरलं होतं ते इथंच, मनोऱ्याच्या माथ्यावर. म्हणून आज, मनोऱ्याच्या वाढदिवसाच्या थेट कार्यक्रमात डब्यातलं ते रीळ लावायचं ठरलं होतं.

“नक्कल नाही काढलीत?” मामीनं विचारलं.

“दुसऱ्याच्या हाती द्यायचा धीर झाला नाही हो. जुनी फीत, तुटली तर? बारा वर्षं मी तिला ऐकलेलं नाही. आज ऐकणार होतो.”

मघाचा आनंद मामीनं मुकाट्यानं गिळून टाकला.

कार्यक्रमाची निर्माती हातातले कागद फडफडवत आली. ती इतकी घाईत होती, की तिचं एक कानातलं लोंबत होतं आणि दुसरं नव्हतंच. “अंधार पडायला लागला की आपण हवेत जाणार. फार तर पाऊण तास! लिफ्टचा खडखडाट नको म्हणून ती मघापासून वरच अडवून ठेवलीये, आणि जिन्याच्या दाराला कुलूप आहे. म्हणजे कुणी खाली गेलेलं नाही.”

“म्हणजे रीळ इथंच आहे,” मामी म्हणाली. “छान! शोधू या.”

“तुम्ही कोण?”

“ही माझी मामी,” गर्दीतून वाट काढत भाची आली. गडद निळा कोट आणि छातीवर ‘मार्गदर्शक’ असा बिल्ला. तिनंच मामीला हट्टानं मनोरा दाखवायला आणलं होतं. “मॅडम, तिला शोधू द्या. आमच्या घरी कुणाचं काही हरवलं तर आम्ही देवाच्या आधी हिला हाक मारतो.”

झडती झाली. पिशव्या, पर्सेस, बाळांच्या गाड्या, कॉफीच्या टेबलाखालचे खोके. दालनाच्या मधोमध लिफ्टशेजारी एक कपाट होतं, तेही उघडलं. त्यात रिळाचं ते जुनं यंत्र आणि त्याच्याशेजारी रिळांनी भरलेला एक मोठा पेटारा.

“तो माझा,” मागून एक आवाज आला. खोल, गोड, घशात मध ओतल्यासारखा. सगळं शहर त्या आवाजाला ओळखत होतं. लोक त्या माणसाला मधाळ याच नावानं हाक मारायचे. मनोऱ्याच्या दारावरच्या पितळी पाटीवर लिहिलं होतं, की इथून उमटलेला पहिला आवाज यांचा. “इथं वर्षानुवर्षं वाजणारी माझी माहितीची रिळं. आता वाजत नाहीत, म्हणून आज घरी घेऊन जातोय. मॅडमची परवानगी आहे.”

निर्मातीनं मान डोलावली. कपाट बंद झालं.

डबा काही मिळाला नाही.

३

मामी खुर्चीत टेकली. समोर काचेतून नदीवरचा पूल दिसत होता आणि त्यावरून गाड्या मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकत होत्या. डोक्यात विचार चालू असताना तिनं भाचीला विचारलं, “रिळं का वाजत नाहीत आता?”

“अगं, गंमतच झाली,” भाची म्हणाली. “हा मजला फिरतो ना? खुर्च्यांसकट. तासाभरात एक फेरी. इतका हळू, की कळतसुद्धा नाही. गेल्या महिन्यात मोटर जळली. नवी बसवली तर मजला उलटाच फिरायला लागला! मधाळकाका रिळावर सांगतायत ‘समोर पाहा, हिरव्यागार गवताचं भव्य स्टेडियम’, आणि समोर कारखान्याच्या चिमण्या. लोक पोट धरधरून हसायचे. शेवटी रिळं बंद केली आणि तोंडानं माहिती सांगायला मला घेतलं. माझी नोकरी त्या मोटरच्या कृपेनं आहे, मामी.”

मामी हसली. पण तिच्या मनात आजोबा घोळत होते. तेवढ्यात तेच कुणाकडे तरी बोट दाखवून ओरडायला लागले.

“हाच! यालाच विचारा! दर महिन्याला माझ्या दारात उभा असतो, रीळ विका, रीळ विका!”

ज्याच्याकडे बोट होतं तो जुन्या रेडिओंचा संग्राहक. जाड भिंगांचा चष्मा, खिशाखिशातून स्क्रू ड्रायव्हर डोकावतायत, आणि चेहऱ्यावरचा रंग उडालेला. खिडकीला पाठ लावून तो उभा होता, ताठ, हात मागं धरून.

“मी हातसुद्धा लावला नाही,” तो म्हणाला. “मी मघापासून इथंच उभा आहे. पूल बघतोय. पूलच बघतोय सारखा.”

“बरं,” मामी म्हणाली आणि मधाळांकडे वळली. “आणि तुम्ही?”

मधाळांनी मफलर नीट केला. “मी आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत होतो, त्यांच्या उजवीकडे. जागचा हललोसुद्धा नाही. इतकी वर्षं या दृश्याचं वर्णन केलं, म्हटलं आज नुसतं बघावं. आधी तो पूल, त्यावरची वर्दळ. मग हळूच पुढं आलं स्टेडियम, हिरव्यागार गवताचं. आणि मग टेकडी, उन्हात न्हालेली. डोळ्यांचं पारणं फिटलं!”

आजूबाजूच्या दोघीतिघींनी अगदी हरखून माना हलवल्या. त्या माणसानं धोब्याच्या कपड्यांचा हिशेब वाचला असता तरी लोक ऐकत बसले असते. मामीलाही ऐकताना गोड वाटलं. नंतर मात्र तिला कुठंतरी खुपलं, बुटात खडा गेल्यासारखं. काय खुपतंय ते कळेना.

ती पुन्हा आजोबांजवळ गेली. तिच्या कार्यालयात रडत आलेल्या माणसाला ती एक ठरलेला प्रश्न विचारायची. वस्तू कुठं ठेवली होती, असं नाही. त्याचं उत्तर माणसं नेहमी चुकीचं देतात.

“आजोबा, डब्याच्या खाली काय होतं?”

“खाली?” आजोबा गोंधळले. “शेजारीच ठेवला होता मी. उजव्या हाताला. मग ऊन लागलं आणि जरा डोळा लागला.”

“शेजारी म्हणजे कशावर?”

“त्या ह्याच्यावर. खिडकीच्या कट्ट्यावर.”

भाचीनं कपाळावर हात मारला. “कट्टा! मामी, मजला फिरतो, पण कट्टा फिरत नाही!”

४

“म्हणजे डबा कुठं गेलाच नाही!” मामीनं टाळी वाजवली. “गेले ते आजोबा! लवकर सांगा, डबा ठेवताना समोर काय दिसत होतं?”

“पूल,” आजोबा म्हणाले. “आमचं जुनं घर पुलाच्या पलीकडे आहे. तिला म्हटलं, बघ गं, आपलं घर.”

मामीची मान सावकाश वळली. तिच्याबरोबर सगळ्यांच्या माना वळल्या.

पुलाच्या खिडकीसमोर संग्राहक उभा होता. आणि सगळे बघत असतानाच त्यानं एक बारीकसं पाऊल बाजूला टाकलं. थोड्या वेळानं आणखी एक.

“अहो साहेब,” मामी गोड आवाजात म्हणाली, “फिरत्या जमिनीवर उभं राहून तुमचा पूल जागचा हलत कसा नाही हो? आम्ही सगळे पुढं सरकलो, आणि तुम्ही मात्र मघापासून खेकड्यासारखे आडवे चालताय. काय लपवताय पाठीमागं?”

संग्राहकाच्या कपाळावर घाम डवरला. तो बाजूला झाला. कट्ट्यावर, कुणाच्या तरी रिकाम्या कपांच्या आणि एका बाळाच्या टोपीच्या मधोमध, बिस्किटांचा पत्र्याचा डबा बसला होता. झाकणावर दोन मांजरं आणि एक चहाची किटली.

आजोबा धावले. त्या वयात माणूस धावतो त्याला धावणं म्हणायचं तर धावले. झाकण उघडलं.

डब्यात एक मऊ फडकं होतं. दुसरं काही नव्हतं.

५

“मी बघितला तेव्हाच रिकामा होता!” संग्राहकाला रडूच फुटलं. “शपथ! कॉफी घेऊन येत होतो, तर डबा दिसला. झाकण अर्धवट उघडं. आजोबांना सांगणार, एवढ्यात तेच ओरडले. माझी तर पाचावर धारण बसली. मीच मागं लागलो होतो ना रिळाच्या! कोण विश्वास ठेवणार? म्हणून पाठीमागं लपवून उभा राहिलो.”

“हद्द झाली,” निर्माती म्हणाली. “याला खाली नेऊन पोलिसांच्या ताब्यात द्या. आणि कार्यक्रमात आपण मधाळ साहेबांचं जुनं रीळ लावू. दहा मिनिटं राहिलीत!”

मधाळ पेटारा घ्यायला कपाटाकडे निघालेसुद्धा.

मामी काचेकडे बघत होती. तिची खुर्ची मघाशी पुलासमोर होती. आता तिथून कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडून टेकडीची कड डोकावत होती. पूल, मग चिमण्या, मग टेकडी. बुटातला खडा अचानक हाताला लागला.

“थांबा!” ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की कॉफीवालीच्या हातून चमचा पडला. “मधाळ साहेब, पुलानंतर काय दिसलं म्हणालात?”

“स्टेडियम,” मधाळ चटकन म्हणाले.

“पोरी, पुलानंतर काय येतं?”

“चिमण्या,” भाची म्हणाली, आणि तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. “स्टेडियम आधी यायचं. मोटर जळायच्या आधी.”

मधाळ कपाटासमोरच थबकले.

“तुम्ही खिडकीबाहेर बघितलंच नाहीत,” मामी म्हणाली. आता तिला कुणी थांबवू शकलं नसतं. “विचारल्यावर जे तोंडपाठ होतं ते म्हणून दाखवलंत. पूल, स्टेडियम, टेकडी. तुमच्या रिळावर जसं आहे तसंच, ‘हिरव्यागार गवताचं’ सुद्धा! इथल्या कुणीही ही चूक केली नसती. ती फक्त तुम्हीच करू शकत होता. मजला उलटा फिरायला लागल्यापासून तुम्ही वर आलाच नव्हता. आणि आज आलात तर बाहेर बघायला उसंत कुठं होती? आजोबांना डुलकी लागली. त्यांची खुर्ची पुढं सरकली, डबा मागं राहिला, आणि त्यांच्या मागची, उजवीकडची खुर्ची कुणाची? तुमची. रीळ काढायला तुम्हाला उठावंसुद्धा लागलं नाही. डबाच चालत तुमच्यापाशी आला.”

“आणि रीळ?” निर्माती पुटपुटली. “आपण तर सगळ्यांची झडती घेतली.”

“घेतली ना. रिळांनी भरलेला पेटारा उघडला, बघितला आणि लावून टाकला. आजोबा झोपेत असतानाच हे कपाटापर्यंत जाऊन आले असणार; रीळ लपवायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली? शिवाय तो पेटारा आज तुमच्याच परवानगीनं घरी जाणार होता.”

भाचीनं कपाट उघडलं. पेटाऱ्यातली रिळं एकेक करून ती बाहेर काढायला लागली. करड्या डब्या, छापील चिठ्ठ्या, सगळ्या सारख्या. तळाच्या एका डबीतलं रीळ मात्र वेगळं निघालं; छोटं, आणि त्याच्या कडेला लाल दोरा बांधलेला.

“तिनं बांधलेला,” आजोबा म्हणाले, आणि दोन्ही हात पुढं केले.

६

मधाळ खुर्चीत बसले. मफलर गळून पडला तरी त्यांनी उचलला नाही. गोडवा गेलेला त्यांचा आवाज अगदी साधा होता, कुणाच्याही वडिलांचा असावा तसा.

“मला वाटलं होतं तिची चाचणी कुणाच्या लक्षात नसेल. मी दुसऱ्या दिवशी बोललो, आणि लोकांनी मला पहिला म्हटलं. मी नाही म्हटलं नाही. दारावर पाटी लागली. आज हे रीळ वाजलं असतं तर माझ्याजवळ काय राहिलं असतं?” त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. “फीत तोडून टाकणार होतो. खरंच सांगतो, बोटात धरली होती. पण आवाज आहे हो तो. कुणाचा तरी आवाज आहे. नाही तोडवली.”

निर्मातीनं घड्याळाकडे बघितलं आणि तिची तारांबळ उडाली. “दोन मिनिटं! पोलिसांचं नंतर बघू! पण आता निवेदन कोण करणार?”

मामीनं मधाळांकडे बोट केलं. “हे करतील. आणि खरं तेच सांगतील.”

“मी? या तोंडानं?”

आजोबांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. राग होता त्यांच्या डोळ्यांत, लपवायचा प्रयत्नही नव्हता. मग ते म्हणाले, “तुमचा आवाज तिला आवडायचा. स्वयंपाक करताना ऐकायची. उठा.”

संग्राहकानं डोळे पुसले, हात स्वच्छ केले आणि तान्ह्या बाळाला धरावं तसं रीळ यंत्रावर चढवलं. त्याच्याइतकी त्या यंत्राची जाण तिथं कुणाला नव्हती. लाल दिवा लागला. बाहेर नदीवरचं ऊन सरलं होतं आणि शहरात एकेक खिडकी उजळायला लागली होती.

“नमस्कार,” मधाळ मायक्रोफोनमध्ये म्हणाले. “या मनोऱ्यावरचा पहिला आवाज म्हणून तुम्ही मला ओळखता. मी पहिला नाही. माझ्या आदल्या दिवशी इथून एक बाई बोलल्या होत्या.” त्यांनी आजोबांच्या पत्नीचं पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर जपत उच्चारलं. “पहिला आवाज त्यांचा. ऐका.”

रीळ फिरायला लागलं. खरखर झाली. आणि मग एका तरुण बाईचा आवाज गोल दालनात आला, जरा घाबरलेला, जरा हसू दाबणारा.

“हॅलो, हॅलो. चाचणी. एक, दोन, तीन... आता काय बोलू? अहो, ऐकू येतंय का? घरी बसलात ना? ऐकू येत असेल तर खिडकीतला दिवा दोनदा उघडझाप करा. मी वरून बघतेय.”

मग खरखर. नुसतीच खरखर.

“संपलं?” निर्माती घाबरून कुजबुजली.

“नाही, नाही,” आजोबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “दिव्याचं बटण उंचावर होतं. मी स्टूल शोधत होतो.”

मामी खिडकीशी गेली. तिला काय सुचलं होतं कोण जाणे. बहुतेक पुलापलीकडचं ते जुनं घर शोधायचं होतं. ती बघत असतानाच त्या बाजूची एक खिडकी विझली. लागली. पुन्हा विझली, पुन्हा लागली.

“पोरी,” मामी म्हणाली, “ए पोरी, इकडे ये!”

त्या खिडकीच्या शेजारची खिडकी उघडझाप झाली. मग वरच्या मजल्यावरची. मग नदीकाठची सगळी रांग. शहरभर रेडिओ लावून बसलेले लोक उठून बटणांकडे धावत होते. चिमण्यांच्या बाजूला, टेकडीवर, स्टेडियमच्या मागच्या वस्तीत खिडक्या विझत होत्या आणि पेटत होत्या. भाची उड्या मारायला लागली. कॉफीवाली काउंटर सोडून काचेला चिकटली. मामीनं आजोबांचा दंड धरून त्यांना खिडकीपाशी आणलं.

यंत्रातली खरखर थांबली आणि ती तरुण बाई मोठ्यानं, सगळ्या जगाला विसरून ओरडली,

“दिसला! अहो, दिसला!”